पायपिंग प्लव्हर

पायपिंग प्लव्हर (शास्त्रीय नाव: कॅरॅड्रिअस मेलोडस) हा उत्तर अमेरिका खंडातील वालुकामय किनाऱ्यांवर वीण करणारा एक छोटा किनारी पक्षी आहे. अटलांटिक महासागराचा किनारा, ग्रेट लेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महासरोवरांचे काठ आणि खंडाच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशातील नद्या व क्षारयुक्त तळी अशा तीन विभागांत त्याची वीण होते. हा पक्षी घरटे बांधतच नाही असे म्हटले तरी चालेल. उघड्या पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या जरा वर, वाळूत केलेल्या उथळ खळग्यात तो अंडी घालतो. एप्रिल ते ऑगस्ट हा त्याच्या विणीचा काळ. त्याच पुळणीवर आणि त्याच महिन्यांत माणसेही सुट्टी घालवण्यासाठी येतात. या पक्ष्याचा ऱ्हास, त्याचे संरक्षण आणि त्यावरून उठलेले वाद या सर्वांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली (१९७३) या पक्ष्याची नोंद डिसेंबर १९८५ मध्ये झाली व ती जानेवारी १९८६ पासून अमलात आली. महासरोवरांकडील पक्ष्यांना 'संकटग्रस्त' आणि उरलेल्या दोन विभागांतील पक्ष्यांना त्याहून एक पायरी खालचा 'संकटोन्मुख' असा दर्जा मिळाला. कॅनडातही १९८५ पासून तो संकटग्रस्त गणला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या जागतिक यादीत त्याची वर्गवारी मात्र 'संकटसमीप' अशी आहे. एकाच पक्ष्याला वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळे दर्जे का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. संघाची यादी संपूर्ण प्रजातीचा विचार करते, तर देशांचे कायदे आपल्या हद्दीतील स्वतंत्र समूहांचा. हे त्याचे कारण होय.

नाव आणि वर्गीकरण

'पायपिंग' म्हणजे पाव्यासारखी शीळ घालणारा. वाळूत बसलेला हा पक्षी डोळ्यांना सहसा सापडत नाही. आधी ऐकू येते ती त्याची दोन सुरांची, किंचित खालावत जाणारी मंजुळ शीळ. शास्त्रीय नावातील 'मेलोडस' हा शब्दही या मंजुळपणालाच उद्देशून आहे. या जातीचे स्वतंत्र वर्णन जॉर्ज ऑर्ड या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये केले. मेलोडस (अटलांटिक किनारा) आणि सर्कमसिंक्टस (महासरोवरे व मैदाने) अशा त्याच्या दोन उपजाती मानल्या जातात.

हा पक्षी कॅरॅड्रिडी कुळातील आहे. महाराष्ट्रात माळावर व पाणथळीजवळ दिसणारी टिटवी आणि खाडीकाठचे चिखल्या (चिलखे) याच कुळातील होत. आपल्याकडील केंटिश चिखल्या हा दिसण्यात व सवयींत पायपिंग प्लव्हरचा जवळचा भाईबंद शोभतो. ज्याने टिटवीला उघड्या माळावर, खड्यांच्या वेढ्यात अंडी उबवताना पाहिले आहे, त्याला पुढील वर्णन परके वाटणार नाही.

वर्णन

लांबी सुमारे १७ ते १८ सेंटिमीटर, वजन साधारण ४३ ते ६३ ग्रॅम. म्हणजे चिमणीहून थोडा मोठा व अधिक गुबगुबीत. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, पाय नारिंगी. विणीच्या हंगामात कपाळावर काळी आडवी पट्टी आणि छातीवर एकच काळा पट्टा दिसतो; काही पक्ष्यांत तो पट्टा मध्ये तुटलेला असतो. चोच आखूड, नारिंगी व टोकाशी काळी असते. हिवाळ्यात काळ्या खुणा फिकट होतात व चोचही काळी पडते. नर व मादी बरेचसे सारखे दिसतात; मादीचे पट्टे काहीसे फिके असतात.

वाळूत त्याचे अदृश्य होणे हे पाहण्यासारखे असते. चालता चालता तो थबकला की नजरेतून निसटतो आणि पुन्हा धावू लागला की दिसतो. काही पावले धावायचे, थांबायचे, टोच मारायची आणि पुन्हा धावायचे, ही त्याची चरण्याची पद्धत. ओल्या वाळूवर एक पाय थरथरवून तो खालच्या किड्यांना हालचाल करायला लावतो. सागरी कृमी, माश्यांच्या अळ्या, भुंगे, बारीक कवचधारी व मृदुकाय प्राणी हे त्याचे अन्न होय.

वीण

अटलांटिक किनाऱ्यावर पहिले पक्षी मार्चच्या अखेरीस पोहोचतात; महासरोवरांकडे त्यांना एप्रिलचा उत्तरार्ध उजाडतो. बहुतेक पक्षी पूर्वीच्याच किनाऱ्यावर किंवा त्याच्या आसपास परततात. नर आपला हद्दीचा तुकडा राखतो, त्यावर शीळ घालत घिरट्या घेतो आणि छाती टेकवून व पायांनी वाळू मागे उडवून ठिकठिकाणी खळगे करतो. मादी जवळ आली की तो मान ताठ करतो आणि जागच्या जागी पाय आपटत सैनिकासारखा संचलन करतो. अनेक खळग्यांपैकी एक मादी पसंत करते. त्यात कधी शिंपल्यांचे तुकडे व पांढरे खडे रचलेले असतात. घरटे एवढेच.

अंडी बहुधा चार असतात. ती एक दिवसाआड घातली जातात, म्हणून चारही अंडी पूर्ण व्हायला जवळजवळ आठवडा लागतो. वाळूच्याच रंगावर बारीक काळे-तपकिरी ठिपके असलेली ही अंडी दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. उबवण्याचे काम नर व मादी आळीपाळीने करतात आणि त्याला सुमारे चार आठवडे लागतात. उबवणे म्हणजे केवळ ऊब देणे नव्हे. भर दुपारी तापलेल्या वाळूवर अंड्यांना सावली द्यावी लागते. पक्षी काही वेळ जरी उठून गेला तरी आतील गर्भ उष्णतेने मरू शकतो. म्हणूनच पक्ष्याला घरट्यावरून 'फक्त एकदा' उठवणेही निरुपद्रवी नसते.

एखादे घरटे भरतीने वाहून गेले किंवा कोल्ह्याने लुटले, तर जोडी पुन्हा नवा खळगा करून अंडी घालते. एका हंगामात असे अनेक प्रयत्न झालेले आढळले आहेत. मात्र पिल्ले मोठी होऊ लागल्यावर दुसरी वीण सहसा होत नाही. पंचतंत्रातील 'मित्रभेद' या तंत्रात समुद्राने टिटवीची अंडी पळवल्याची कथा आहे. तीत गरुड व विष्णू यांच्या मध्यस्थीने समुद्र ती अंडी परत करतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील पक्ष्याला अंडी परत मिळत नाहीत, पण समुद्रकाठी अंडी घालणाऱ्या पक्ष्याची विवंचना त्या कथाकाराने अचूक हेरली होती असे म्हणावे लागते.

पिल्ले बाहेर पडतात तेव्हा त्यांचे वजन सुमारे ६ ग्रॅम असते. अंगावर दाट लव असते, डोळे उघडे असतात आणि काही तासांतच ती घरटे सोडून धावू लागतात. या कुळातील पक्षी पिल्लांना भरवत नाहीत. पिल्लांनी आपले अन्न पहिल्या दिवसापासून स्वतः टिपायचे असते. आईबाप त्यांना धोक्याची सूचना देतात, अन्नाच्या जागी नेतात आणि थंडी, ऊन किंवा पाऊस यांपासून वाचवण्यासाठी पंखांखाली घेतात. चारही पिल्ले बापाच्या पोटाखाली शिरली की एका पक्ष्याला दहा पाय फुटल्यासारखे दिसते, आणि पक्षीनिरीक्षक या दृश्याची वर्षभर वाट पाहतात.

उडता येईपर्यंत साधारण २५ ते ३५ दिवस जातात. हा महिना सर्वांत जोखमीचा. पिल्लांना खाद्यासाठी कोरड्या वाळूतून ओल्या वाळूपर्यंत, म्हणजे नेमके माणसांच्या वर्दळीतून, दिवसातून अनेकदा जावे लागते. धोक्याची शीळ ऐकली की पिल्लू पळत नाही. जागच्या जागी वाळूला चिकटून निश्चल बसते. कोल्ह्यापासून बचावासाठी हा उपाय चांगला आहे, मोटारीच्या चाकापुढे मात्र तो घातक ठरतो. वाळूत गाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांत पिल्ले शिरतात, त्यांतून त्यांना सहज बाहेर पडता येत नाही आणि पुढची गाडी त्याच चाकोरीतून येते.

शत्रू घरट्याजवळ आला तर प्रौढ पक्षी पंख मोडल्याचे सोंग करतो. एक पंख ओढत, केविलवाणा आवाज काढत तो शत्रूला आपल्यामागे दूर नेतो आणि पुरेसे अंतर पडले की उडून जातो. टिटवीही असेच करते.

ऱ्हासाची कारणे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनारी पक्ष्यांची शिकार बाजारासाठी सर्रास होई. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने ती थांबली आणि पायपिंग प्लव्हरची संख्या काही दशके सावरली. दुसरा फटका दुसऱ्या महायुद्धानंतर बसला, आणि तो बंदुकीचा नव्हता. अमेरिकेत मोटारी, रस्ते व फावला वेळ वाढला. किनाऱ्यांवर घरे आणि विश्रामगृहे उभी राहिली. लाटा अडवणाऱ्या भिंती आल्या. सहलीला येणाऱ्यांच्या सोयीसाठी यंत्रांनी पुळण विंचरून स्वच्छ केली जाऊ लागली. त्याबरोबर भरतीच्या रेषेवर वाहून आलेले समुद्री शेवाळही नाहीसे झाले. त्या कुजणाऱ्या शेवाळातच माश्या, अळ्या व उड्या मारणारे बारीक जीव असतात. माणसाच्या दृष्टीने जो कचरा, तो पिल्लांच्या दृष्टीने भरलेले ताट.

वादळांविषयी येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वादळ घरटी वाहून नेते हे खरे. पण याच वादळांमुळे पक्ष्याला हवी तशी जागा तयार होते. मोठ्या लाटा वाळूच्या टेकड्या ओलांडून आत शिरतात, झुडपे उखडतात आणि मागे सपाट, उघडी, तुरळक गवताची वाळू पसरून जातात. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी या चक्रीवादळानंतर न्यूयॉर्क राज्यातील फायर आयलंड व शेजारच्या बेटांवर असा नवा अधिवास निर्माण झाला व तेथे या पक्ष्यांची संख्या वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. बांधकामाच्या रक्षणासाठी वाळूच्या टेकड्या पक्क्या केल्या की ही प्रक्रिया थांबते.

भक्षकांची संख्याही माणसामुळे वाढली. सहलीनंतर उरलेल्या खाद्यपदार्थांवर कोल्हे, रॅकून, स्कंक, कावळे व कुरव (गल) पोसले जातात आणि कचरा संपला की तेच घरट्यांकडे वळतात. मोकळे सोडलेले कुत्रे व पाळीव मांजरे ही आणखी वेगळी भर.

१९८६ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर, कॅनडा धरून, सुमारे ७९० जोड्या मोजल्या गेल्या. महासरोवरांची स्थिती याहून दारुण होती. एके काळी तेथे किमान पाचशे जोड्या असाव्यात असा अंदाज आहे. १९८६ मध्ये १७ उरल्या होत्या व त्या सर्व मिशिगन राज्यात होत्या. १९९० मध्ये तर १२ जोड्याच राहिल्या.

किनाऱ्यांचे संरक्षण

संरक्षणाचे मुख्य साधन आश्चर्य वाटावे इतके साधे आहे: लाकडी खुंट, त्यांना बांधलेली दोरी आणि सूचनाफलक. याला प्रतीकात्मक कुंपण म्हणतात. ते कोणालाही अडवू शकत नाही. लहान मूलसुद्धा दोरीखालून जाऊ शकते. त्याचे बळ कायद्यात आणि लोकांच्या समजुतीत असते. अमेरिकी वन्यजीव खात्याच्या १९९४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरट्याभोवती साधारण ५० मीटर अंतर मोकळे ठेवले जाते. पिल्ले बाहेर पडली की कुंपण पुरत नाही, कारण पिल्ले दोरी मानत नाहीत. तेव्हा त्या पट्ट्यात वाहनांना मज्जाव केला जातो.

दुसरे साधन म्हणजे घरट्यावरील तारेच्या जाळीचा पिंजरा. जाळीची भोके अशी असतात की पक्षी चालत आत-बाहेर करू शकतो, पण कोल्हा किंवा कावळा शिरू शकत नाही. यामुळे अंडी वाचण्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. मात्र काही ठिकाणी भक्षकांनी पिंजरा दिसला म्हणजे पक्षी आत आहे हे ओळखले आणि बाहेर येणाऱ्या प्रौढ पक्ष्यालाच मारू लागले. एक घरटे गेले तर जोडी पुन्हा अंडी घालते; प्रौढ पक्षी गेला तर ती जोडीच संपते. म्हणून हे पिंजरे आता सरसकट लावले जात नाहीत.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लम आयलंडवरील पार्कर रिव्हर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान हे संपूर्ण बंदीचे ठळक उदाहरण होय. तेथील सुमारे १० किलोमीटर लांबीची पुळण दरवर्षी १ एप्रिलला लोकांसाठी बंद केली जाते. पक्षी ज्या भागात नाहीत तो भाग उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने उघडतात आणि ऑगस्ट अखेरपर्यंत बाकीचा किनारा खुला होतो. भर उन्हाळ्यात, बॉस्टनसारख्या महानगरापासून थोड्याच अंतरावर, मैलोगणती रिकामी पुळण असणे ही त्या देशातील दुर्मीळ गोष्ट आहे. याच राज्यात मास ऑड्युबॉन ही संस्था १९८० च्या दशकापासून किनाऱ्यांवर राखणदार नेमते. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे १४० जोड्या होत्या. २०२० नंतर त्या हजारावर गेल्या.

महासरोवरांकडे प्रत्येक पक्षी मोलाचा असल्याने तेथील काम अधिक बारकाईने चालते. मिशिगन सरोवराकाठचे स्लीपिंग बेअर ड्यून्स हे राष्ट्रीय सरोवरकिनारा उद्यान तेथील सर्वांत महत्त्वाचे वीणस्थळ आहे. पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घातली जातात, त्यामुळे दुर्बिणीतून पाहून एखादा पक्षी कोणत्या वर्षी कोठे जन्मला हे सांगता येते. प्रौढ पक्षी मर्लिन या छोट्या ससाण्याने मारला किंवा सरोवराचे पाणी चढले, तर पोरकी अंडी उचलून मिशिगन विद्यापीठाच्या जीवशास्त्र केंद्रात यंत्राने उबवली जातात. डेट्रॉइट प्राणिसंग्रहालयाच्या नेतृत्वाखाली अनेक प्राणिसंग्रहालयांचे कर्मचारी आळीपाळीने तेथे येऊन ही पिल्ले वाढवतात. पिल्लांना भरवावे लागत नाही, ही या पक्ष्याची खोड येथे उपयोगी पडते. उडू लागल्यावर ती जंगली पिल्लांबरोबर सोडली जातात.

या प्रयत्नांना यश आले ते विभागवार सारखे नाही. अटलांटिक किनाऱ्यावर २,००० जोड्यांचे उद्दिष्ट ठरले होते. ते २०२१ पर्यंत ओलांडले गेले. पण ही वाढ मुख्यतः न्यू इंग्लंडमधील आहे; पूर्व कॅनडातील संख्या उलट घटून दोनशे जोड्यांच्याही खाली आली. महासरोवरांसाठी १५० जोड्यांचे उद्दिष्ट आहे. २०२३ व २०२४ मध्ये तेथे ८० च्या आसपास जोड्या होत्या. १७ वरून येथवर यायला जवळजवळ चार दशके लागली. संख्या केवळ टिकवून धरायची तरी अटलांटिक किनाऱ्यावर दर जोडीमागे वर्षाला सरासरी सव्वा पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोहोचावे लागते. चार अंड्यांतून सव्वा पिल्लू ही अपेक्षा फार नाही असे वाटते, पण अनेक किनाऱ्यांवर तीही पुरी होत नाही.

वाद

पुळण कोणाची, हा प्रश्न या पक्ष्यामुळे अमेरिकेत अनेकदा ऐरणीवर आला. केप कॉडसारख्या ठिकाणी वाळूवरून गाडी नेऊन मासेमारी करणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. ऐन हंगामात ते रस्ते बंद झाले तेव्हा स्थानिकांचा रोष उफाळला. हा पक्षी कोंबडीसारखा चविष्ट लागतो अशा अर्थाची चिकटपत्रे गाड्यांवर झळकली. या रोषाला केवळ क्रूरपणा म्हणून बाजूला सारणे न्याय्य नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांच्या कमाईवर ज्यांचे वर्ष चालते, अशा आमिष विकणाऱ्या, होड्या भाड्याने देणाऱ्या व छोटी उपाहारगृहे चालवणाऱ्या लोकांना किनारा बंद होण्याची झळ थेट लागते.

नॉर्थ कॅरोलिनातील केप हॅटरस येथे हा वाद न्यायालयात गेला. पर्यावरण संस्थांनी २००७ मध्ये दावा लावला. एप्रिल २००८ मध्ये न्यायालयाच्या संमतीने तडजोड होऊन वाहनांवर हंगामी निर्बंध आले आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने वाहनांविषयी कायम नियम केले. अन्यत्र तुलनेने सौम्य मार्ग निघाले. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी काही गावांनी घरट्यांपासून दूर हलवली. पतंग उडवण्यास वीणस्थळी मनाई असते, कारण प्लव्हरला आकाशात स्थिरावलेला पतंग शिकारी पक्ष्यासारखा वाटतो व तो घरटे सोडतो. न्यूयॉर्क शहरातील रॉकअवे किनाऱ्यावर उपनगरी रेल्वेने येणाऱ्या गर्दीच्या शेजारीच या पक्ष्यांची घरटी असतात. तेथे २०२१ पासून एनवायसी प्लव्हर प्रोजेक्ट या संस्थेचे स्वयंसेवक उभे राहून लोकांना समजावून सांगतात.

कोकणातील वाचकांना यावरून वेळासची आठवण होईल. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावात घरगुती निवास-न्याहारीतून उत्पन्नाची सोय झाली. दोन्हींत एक मोठा फरक आहे. कासवाची अंडी काढून सुरक्षित हॅचरीत पुरता येतात आणि पिल्ले बाहेर पडताच समुद्रात जातात. प्लव्हरची अंडी बहुधा जागची हलवता येत नाहीत, आणि पिल्ले महिनाभर त्याच किनाऱ्यावर राहतात. त्यामुळे येथे पक्ष्याला नव्हे, माणसालाच बाजूला व्हावे लागते.

निरीक्षण

विणीच्या काळात हा पक्षी पाहणे हे बव्हंशी वाट पाहणे असते. सकाळी लवकर, गर्दीपूर्वी, ओल्या व कट्ट वाळूवरून चालत गेले तर अंडी पायाखाली येण्याचा धोका उरत नाही, कारण खळगे नेहमी वरच्या कोरड्या वाळूत असतात. कुंपणाबाहेर एका जागी बसून दुर्बीण किंवा तिपाईवरील निरीक्षण-दूरदर्शी वापरावी. एप्रिल-मेमध्ये नराचे संचलन व खळगे उकरणे दिसते. पुढील चार आठवडे वरवर काहीच घडत नाही; मधूनमधून होणारा पाळीबदल तेवढा टिपता येतो. एक पक्षी दबक्या पावलांनी येतो, दुसरा उठून निघून जातो; सारे काही क्षणांत आटोपते. जून-जुलैमध्ये पिल्ले दिसतात. वाऱ्याने कापसाचे पुंजके घरंगळावेत तशी ती वाळूवरून पळतात.

पंख मोडल्याचे सोंग पाहायला मिळाले तर ते नशीब समजू नये. निरीक्षक फार जवळ गेल्याची ती खूण आहे. अशा वेळी जागीच थांबून, पुढे पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहून, आल्या वाटेनेच मागे फिरावे. सतत शीळ घालत समोर येरझारा घालणारा पक्षीही हेच सांगत असतो. घरट्याची नेमकी जागा छायाचित्रासह समाजमाध्यमांवर टाकू नये असा संकेत आहे. कुत्रा दोरीने बांधलेला असला तरी त्याला सोबत नेऊ नये. खाद्यपदार्थांचे उरलेसुरले तुकडे वाळूत पुरणे हेही टाळावे, कारण पुरलेले अन्न कोल्ह्याला सापडतेच.

स्वयंसेवकांच्या नोंदींना शास्त्रीय मोल आहे. पायांतील कड्यांचे रंग, त्यांचा क्रम आणि कोणत्या पायात कोणते कडे आहे एवढे टिपले तरी पक्ष्याचा जीवनपट जोडता येतो. १९९१ पासून दर पाच वर्षांनी होणारी या पक्ष्याची आंतरराष्ट्रीय गणनाही मोठ्या प्रमाणात अशा मदतनिसांवर अवलंबून राहिली आहे. २००६ च्या गणनेत वीणस्थळी सुमारे ८,००० प्रौढ पक्षी मोजले गेले.

हिवाळी मुक्काम

वर्षातील बहुतांश काळ हा पक्षी वीणस्थळी नसतोच. जुलैपासून पक्षी दक्षिणेकडे जाऊ लागतात. बहुधा मादी आधी निघते, नर पिल्लांजवळ थांबतो, आणि अखेरीस पहिल्याच वर्षीची पिल्ले वाट दाखवायला कोणी नसताना आपली आपण जातात. नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा, मेक्सिकोच्या आखाताचा काठ, टेक्सासचा लगुना माद्रे, क्यूबा आणि बहामा बेटे येथे ते राहतात. अटलांटिक किनाऱ्यावरील पक्ष्यांपैकी कित्येक हिवाळ्यात कोठे जातात हे बराच काळ कोडे होते. २०११ च्या गणनेत बहामामध्ये एक हजाराहून अधिक पक्षी आढळले तेव्हा ते बऱ्याच अंशी सुटले. त्यांतील मोठा भाग जोल्टर केज या बेटसमूहातील ओहोटीच्या विस्तीर्ण वाळूवर होता. २०१५ मध्ये त्या क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

मॉन्ट्रोज किनाऱ्यावरील पक्षी

शिकागो शहरातील मॉन्ट्रोज बीच येथे २०१९ मध्ये एका जोडीने अंडी घातली. महासरोवरांच्या समूहातील हे पक्षी मॉन्टी व रोझ या नावांनी प्रसिद्ध झाले. पोहणारे, व्हॉलीबॉल खेळणारे व कुत्री फिरवणारे यांनी गजबजलेल्या या पुळणीवर स्वयंसेवक पहाटेपासून अंधार पडेपर्यंत पाळ्यांनी पहारा देत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथे ठरलेला मॅम्बी ऑन द बीच हा मोठा संगीत महोत्सव आयोजकांनी रद्द केला. जोडी पुढील दोन वर्षेही परतली. २०२१ मध्ये संरक्षक पिंजरा असतानाही स्कंकने त्यांची पहिली चारही अंडी खाल्ली; त्यांनी पुन्हा अंडी घालून पिल्ले वाढवली. मे २०२२ मध्ये मॉन्टी किनाऱ्यावर परतला, पण श्वसनमार्गाच्या बुरशीजन्य संसर्गाने काही दिवसांतच मरण पावला. रोझ त्या वर्षी परतली नाही.

त्यांचा २०२१ मधील नर पिल्लू इमानी मात्र पुढे त्याच किनाऱ्यावर येऊ लागला, आणि जोडीदाराविना हद्द राखत राहिला. २०२३ मध्ये जीवशास्त्र केंद्रात वाढवलेली तीन पिल्ले मॉन्ट्रोज येथे सोडण्यात आली. त्यांतील सी रॉकेट ही मादी २०२४ मध्ये परतली व तिने इमानीशी जोडी जमवली. चार पिल्ले बाहेर आली. त्यांतील एकच जगले. त्याला नगामो असे नाव देण्यात आले. ओजिब्वे या मूलनिवासी भाषेत त्याचा अर्थ 'गातो' किंवा 'गाते' असा आहे.